झूम आयपीस आणि बार्लो: तुलना करण्याआधी वर्धन सारखे करावे

आपण लिहिले आहे की आपल्याकडे आठ इंची डॉब्सोनियन (साध्या, हाताने फिरवायच्या बैठकीवरची आरशाची) दुर्बीण आहे, तिच्या आरशाचे नाभीय अंतर १२०० मिलिमीटर आहे, आणि तिच्यावर आपण ८ ते २४ मिलिमीटरचा झूम आयपीस, म्हणजे नाभीय अंतर बदलता येणारे डोळ्याकडचे भिंग, वापरता. अलीकडे आपण एक दोनपट आणि एक तीनपट बार्लो, म्हणजे आयपीसच्या आधी बसवून वर्धन वाढवणारे भिंग, घेतला. झूम एकटा ८ च्या खुणेवर ठेवला की गुरूवरचे पट्टे स्वच्छ दिसतात. दोनपट बार्लो लावला की तेच पट्टे पुसट होतात, आणि तीनपट लावला की फोकस नेमका कुठे आहे हेच कळेनासे होते. शिवाय झूम फिरवला की खुणेगणिक फोकस बदलतो. यात दोष झूमचा, बार्लोचा की दुर्बिणीचा, आणि तो घरच्या घरी कसा ओळखावा, असा आपला प्रश्न आहे.

गेली वीसेक वर्षे मी आकाशदर्शनाच्या रात्री लोकांना दुर्बिणी लावून देतो आणि हा प्रश्न मला दर हंगामात ऐकायला मिळतो. आपण केलेल्या तुलनेत एक गोष्ट नकळत सुटली आहे. झूम ८ वर असताना आपल्या दुर्बिणीचे वर्धन १५० पट (१२०० भागिले ८) असते. दोनपट बार्लोने ते ३०० पट होते आणि तीनपट बार्लोने ४५० पट. म्हणजे आपण बार्लो असलेले आणि बार्लो नसलेले दृश्य ताडून पाहिले नाही, तर १५०, ३०० आणि ४५० पट वर्धनांची दृश्ये ताडून पाहिली. वर्धन दुप्पट झाले की ग्रहाच्या पृष्ठभागाची तेजस्विता एक चतुर्थांश होते, तिप्पट झाले की एक नवमांश. आणि ही घट कोणत्याही भिंगाच्या दोषामुळे होत नाही, तोच प्रकाश मोठ्या प्रतिमेवर पसरल्यामुळे होते. चांगला मुलामा दिलेले बार्लोचे जोडभिंग स्वतः फार तर एखाद-दोन टक्के प्रकाश खाते. मुलामा नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे चार टक्के प्रकाश परावर्तित होतो, तोही डोळ्याला क्वचितच जाणवेल इतकाच फरक आहे.

हवेचा हिशोबही असाच करून पाहावा. वातावरणाच्या थरथरीमुळे ताऱ्याची प्रतिमा एखाद्या सामान्य रात्री दोन विकलांची पसरट होते असे धरू (अंशाच्या साठाव्या भागाला कला आणि कलेच्या साठाव्या भागाला विकला म्हणतात). १५० पट वर्धनाला ती डोळ्यापुढे ३०० विकला, म्हणजे पाच कला दिसते; ४५० पटीला ती पंधरा कला होते. आपल्या डोळ्याला साधारण एक-दोन कलांचा तपशील वेगळा ओळखता येतो, म्हणून पाच कलांचा पसारा तो कसाबसा चालवून घेतो, पंधरा कलांचा मात्र त्याला स्पष्ट धूसरपणा म्हणून जाणवतो. तेव्हा "बार्लोने प्रतिमा बिघडली" या विधानातला मोठा भाग हवेच्या खात्यावर जाण्याची शक्यता आहे. उरलेला भाग कोणाचा, हेच तपासायचे आहे, आणि त्यासाठी वर्धन स्थिर ठेवून मार्ग बदलणे ही एकच विश्वासार्ह पद्धत मला ठाऊक आहे.

सुदैवाने झूम आणि दोन बार्लो हाताशी असले की हे फार सोपे होते. आपल्या दुर्बिणीवर १५० पट वर्धन तीन मार्गांनी मिळते: झूम एकटा ८ वर, झूम १६ वर आणि दोनपट बार्लो, किंवा झूम २४ वर आणि तीनपट बार्लो. त्याचप्रमाणे ३०० पट वर्धन ८ आणि दोनपट, तसेच १२ आणि तीनपट अशा दोन मार्गांनी मिळते. तोच गुरू, तीच हवा, तेच वर्धन. बदलते ती फक्त मधली काच. १५० पटीला तिन्ही मार्गांनी गुरूच्या दृश्याच्या मध्यभागी सारखाच तपशील दिसला, तर बार्लो निर्दोष आहेत आणि आपली तक्रार वर्धनाबद्दलची आहे. १६ आणि दोनपट चांगले, पण २४ आणि तीनपट वाईट, असे निघाले तर संशय तीनपट बार्लोवर किंवा झूमच्या २४ कडच्या टोकावर जातो. मग बार्लो काढून झूम एकटा २४ वर ठेवून ५० पटीला तारे टोकदार दिसतात का, हे पाहिले की त्या दोघांपैकी एकाची सुटका होते.

आता ज्या गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. दुर्बीण बदलली की माझे उत्तर बदलते. ८० मिलिमीटर व्यासाच्या आणि ४०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या छोट्या अपवर्ती (भिंगाच्या) दुर्बिणीवर हाच झूम ८ ला फक्त ५० पट देतो, त्यामुळे ग्रह पाहायचे तर बार्लो जवळजवळ अपरिहार्य आहे. उलट आठ इंची श्मिट-कॅसेग्रेन या आखूड नळीच्या दुर्बिणीचे नाभीय अंतर २०३२ मिलिमीटर असते. तिथे झूम एकटाच २५० पटींच्या पुढे जातो आणि बार्लोला कामच उरत नाही. आपली डॉब्सोनियन या दोन टोकांच्या मध्ये आहे. झूमची अंतर्गत रचना, बार्लोची लांबी, चष्म्याचा नंबर आणि ज्या जागेवरून निरीक्षण करता ती जागा, या सगळ्यांनी निकाल सरकतो. म्हणून माझा एखादा बार्लो माझ्या झूमवर कसा वागला, यावरून आपल्या बार्लोबद्दल मी काही ठरवून सांगणार नाही. पद्धत मात्र कोठेही तीच राहते.

तपासणीच्या आधी दुर्बिणीला तिची संधी द्यावी. आरसा बाहेरच्या तापमानाला येण्यासाठी किमान एक तास, थंडीत त्याहून जास्त, दुर्बीण उघड्यावर ठेवावी. कॉलिमेशन, म्हणजे आरशांची एकमेकांशी जुळणी, करून घ्यावे, आणि ते बार्लो न लावता करावे. आपण गच्चीवरून निरीक्षण करत असाल तर लक्षात असू द्या की दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो आणि ती गरम हवा नेमकी दुर्बिणीच्या तोंडासमोरून वर जाते. शक्य असेल तर मातीच्या किंवा गवताच्या जमिनीवर दुर्बीण मांडावी. ग्रह क्षितिजापासून पन्नास अंशांच्या वर असेल तेव्हाच पाहावा. तो खाली असला की वातावरण त्याचा प्रकाश रंगांमध्ये पसरवते आणि ग्रहाच्या वरच्या-खालच्या कडांना निळी-तांबडी किनार येते; ती किनार बार्लोच्या नावावर मांडलेली मी अनेकदा पाहिली आहे. महाराष्ट्रात पावसाळा संपल्यानंतरच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या रात्री या कामाला फार अनुकूल असतात. तरीही एका रात्रीवर विश्वास ठेवू नये, किमान तीन रात्री तीच तपासणी करावी.

यानंतरचा भाग लोक सहसा टाळतात, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो: बार्लोवर छापलेला आकडा खरा आहे का? बार्लो म्हणजे एक अंतर्गोल भिंग, बहुधा दोन काचांचे जोडभिंग. ते किती पट वाढवते हे त्याच्या नाभीय अंतरावर आणि त्याच्यापासून आयपीसचे नाभीय प्रतल (दुर्बिणीची प्रतिमा जिथे पडावी लागते ती पातळी) किती दूर आहे यावर ठरते. त्या दुसऱ्या अंतराला पहिल्याने भागून एक मिळवले की वर्धनांक मिळतो. बार्लोचे नाभीय अंतर (ऋण चिन्ह सोडून) १०० मिलिमीटर असेल आणि प्रतल १०० मिलिमीटर दूर असेल तर बरोबर दोनपट. तेच प्रतल २५ मिलिमीटरने लांब गेले तर सव्वादोनपट. साध्या आयपीसमध्ये हे प्रतल एका जागी असते. झूममध्ये मात्र आतले भिंगांचे गट पुढे-मागे सरकतात, आणि बहुतेक झूममध्ये हे प्रतलही खुणेगणिक सरकते. त्यामुळे एकच बार्लो एकाच झूमवर २४ ला एक आकडा देतो आणि ८ ला दुसरा. माझ्याकडच्या एका "दोनपट" बार्लोने माझ्या झूमवर एका टोकाला २.१ आणि दुसऱ्या टोकाला २.३ पट दिले. टेलीसेंट्रिक पद्धतीचे, म्हणजे किरण जवळजवळ समांतर बाहेर सोडणारे वर्धक, उदाहरणार्थ टेली व्ह्यूचे पॉवरमेट, या अंतराला फारसे जुमानत नाहीत. साधा बार्लो जुमानतो. बाडर कंपनी आपल्या हायपेरियन झूमसाठी स्वतंत्र सव्वादोनपट बार्लो बनवते. दोन्हींमधले अंतर निर्मात्याच्याच हातात असले की अशा जोडीचा आकडा जास्त भरवशाचा असतो.

हा आकडा मोजायला घड्याळ आणि एक तारा पुरतो. खगोलीय विषुववृत्ताजवळचा, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात येणाऱ्या वर्तुळाजवळचा तारा निवडावा. हिवाळ्यात मृगाच्या पोटात घुसलेल्या बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी सर्वांत आधी उगवणारा तारा, म्हणजे मिंटाका, विषुववृत्तापासून जेमतेम एक तृतीयांश अंशावर आहे; पावसाळा सरल्यावर कुंभ राशीतला सदलमेलिक हा ताराही तितकाच सोयीचा आहे. दुर्बीण न हलवता तारा दृश्यक्षेत्राच्या एका कडेतून आत येऊन मध्यावरून दुसऱ्या कडेबाहेर जाऊ द्यावा आणि लागलेला वेळ मोजावा. असा तारा चार सेकंदांत एक कला सरकतो. ८ च्या खुणेवर आपल्या झूमचे आभासी क्षेत्र (आयपीसमधून डोळ्याला दिसणाऱ्या वर्तुळाची रुंदी) ६० अंश असेल, तर १५० पटीला खरे क्षेत्र ०.४ अंश, म्हणजे २४ कला, आणि वेळ ९६ सेकंद यायला हवी. मोजणी चार-पाच वेळा करावी आणि त्यातली सर्वांत मोठी वेळ धरावी, कारण तारा मध्यापासून थोडा बाजूने गेला तर वेळ कमीच होते, वाढत कधी नाही. मग झूमच्या खुणेला हात न लावता बार्लो घालून तीच मोजणी पुन्हा करावी. बार्लोशिवायच्या वेळेला बार्लोसहच्या वेळेने भागले की त्या खुणेवरचा बार्लोचा खरा वर्धनांक हाती येतो. ९६ ला ४३ ने भागले तर २.२३ येते, दोन नव्हे. एक काळजी मात्र घ्यावी: बार्लो लावल्यावर दृश्यक्षेत्राची कड रेखीव न राहता अंधारात विरघळत असेल, तर बार्लोची नळी कडेचा प्रकाश कापत आहे असे समजावे, अशा वेळी ही मोजणी विश्वासार्ह नसते, पण नळीचा दोष मात्र आपोआप सापडलेला असतो.

झूमवरच्या खुणाही अंदाजे असतात. त्या तपासायच्या तर दिवसा दुर्बीण सूर्यापासून दूर, उजळ आकाशाकडे वळवावी आणि आयपीसमागे तरंगणाऱ्या प्रकाशाच्या छोट्या वर्तुळाचा, म्हणजे एक्झिट प्यूपिलचा, व्यास व्हर्नियरने आणि साध्या भिंगाखाली मोजावा. आरशाच्या २०३ मिलिमीटर व्यासाला या व्यासाने भागले की वर्धन मिळते. २४ च्या खुणेवर हे वर्तुळ चार मिलिमीटरच्या आसपास असते आणि मोजणी बरी जमते. ८ वर ते १.३५ मिलिमीटर असते, तिथे मोजताना दशांश मिलिमीटर चुकला तरी सात-आठ टक्क्यांचा फरक पडतो. सूर्याबद्दल एकदाच स्पष्ट सांगतो: आरशापुढे सौर फिल्टर नसताना दुर्बीण सूर्याच्या जवळपासही नेऊ नये, कारण एका क्षणात डोळा कायमचा जाऊ शकतो.

एवढे आकडे वहीत आले की खरी बरोबरी करता येते. बार्लो प्रत्यक्षात २.२ पट असेल तर ८ ची बरोबरी १६ शी नाही, साडेसतराच्या सुमाराला होते, म्हणून झूम १६ आणि २० च्या खुणांमध्ये ठेवावा. लहान वाटणारी ही दुरुस्ती मी आग्रहाने करतो, कारण वर्धनातला दहा टक्क्यांचा फरक डोळ्याला "थोडे अंधुक, थोडे पुसट" असाच भासतो आणि निर्दोष भिंगावर ठपका बसतो.

आता ताऱ्यांकडे वळू. प्रथम दृश्यक्षेत्राचा मध्य. पुनर्वसूतला कॅस्टर हा जोडतारा या कामाला उत्तम आहे. त्याच्या दोन मुख्य ताऱ्यांमधले अंतर सध्या साडेपाच विकलांच्या आसपास आहे आणि १५० पटीला ते सहज वेगळे दिसायला हवेत. उन्हाळ्याच्या दिवसांत अभिजितजवळचा एप्सिलॉन लायरा घ्यावा, त्याच्या दोन्ही जोड्या सव्वादोन ते अडीच विकलांच्या आहेत. प्रश्न ते वेगळे दिसतात का एवढाच नसतो; दोन ताऱ्यांमधली काळी फट किती काळी आहे आणि प्रत्येक ताऱ्याभोवतीचे पहिले वलय किती अखंड आहे, हे तिन्ही मार्गांनी पाहून लगेच लिहून ठेवावे. क्रम बार्लोशिवाय, बार्लोसह, पुन्हा बार्लोशिवाय असा ठेवावा, कारण दहा मिनिटांत हवा बदलते आणि शेवटची नोंद पहिल्या नोंदीशी जुळली नाही तर मधल्या नोंदीला अर्थ राहत नाही. घरातले कोणी मदतीला असेल तर आयपीस त्यांनी बदलावे आणि काय लावले आहे ते आपल्याला सांगू नये. मी स्वतः महागड्या बार्लोला नकळत झुकते माप देत होतो, हे मला अशा तपासणीतच कळले.

आपली डॉब्सोनियन ताऱ्याचा मागोवा घेत नसणार, म्हणून ३०० पटीला फोकसच्या अलीकडची-पलीकडची वलये शांतपणे पाहणे अवघड जाते. ध्रुवतारा यावर चांगला उपाय आहे, कारण तो दृश्यात जवळजवळ स्थिर राहतो. मात्र पुण्याहून तो क्षितिजापासून साडेअठरा अंशांवर आणि नागपूरहून एकवीस अंशांवर असतो, म्हणजे दाट हवेतून दिसतो. त्याच्यावर यंत्राचे ठळक दोष तपासावेत, बारीक तपशिलाचा निवाडा करू नये. दिवसा विजेच्या दूरच्या खांबावरच्या चिनीमातीच्या इन्सुलेटरवर चमकणारा उन्हाचा ठिपका हाही चांगला कृत्रिम तारा आहे, आणि तो सकाळी लवकर, जमीन तापण्याआधी पाहावा.

मागोव्याची सोय नसण्याचा कडेच्या तपासणीत मात्र फायदा होतो. ८ आणि दोनपट बार्लोवर तारा विषुववृत्ताजवळ असेल तर तो सुमारे ४८ सेकंदांत संपूर्ण दृश्यक्षेत्र पार करतो. मध्यावर फोकस करून ठेवावा, दुर्बीण मागे सरकवून तारा कडेवर आणावा, आणि तो आत येताना किती सेकंदांनी टोकदार होतो व बाहेर जाताना किती सेकंद आधी बिघडतो हे मोजावे. ४८ पैकी ३६ सेकंद तो टोकदार राहिला तर व्यासाचा तीन चतुर्थांश भाग चांगला आहे. हा आकडा प्रत्येक जोडणीसाठी काढला की "कडा खराब आहेत" यासारख्या मोघम शब्दांची गरज उरत नाही.

कडेवर तारा कसा बिघडतो, त्यावरून दोषी ओळखता येतो. तारा धूमकेतूसारखा शेपटीचा दिसला आणि शेपटी मध्यापासून बाहेरच्या दिशेने असली तर तो आपल्या एफ/५.९ (नाभीय अंतर व्यासाच्या ५.९ पट) आरशाचाच कोमा नावाचा दोष आहे. कोणताही झूम किंवा साधा बार्लो तो काढू शकत नाही. फोकस थोडा फिरवल्यावर कडेचा तारा टोकदार होऊन मधला बिघडला तर ती क्षेत्रवक्रता आहे. फोकसच्या एका बाजूला तारा आडव्या रेघेसारखा आणि दुसऱ्या बाजूला उभ्या रेघेसारखा दिसला तर तो दृष्टिवैषम्याचा, म्हणजे अ‍ॅस्टिग्मॅटिझमचा दोष आहे. हा शेवटचा दोष साध्या झूममध्ये सर्रास आढळतो, आणि इथे बार्लो उलट मदत करतो: दोनपट बार्लोमुळे आयपीसमध्ये येणारा प्रकाशाचा शंकू एफ/५.९ ऐवजी सुमारे एफ/१२ इतका निमुळता होतो आणि त्याच खुणेवर कडेचे तारे जास्त नीटनेटके दिसतात. अनेकांना हे उलटे वाटते, पण आपण मोजून पाहाल तर बहुधा हेच आढळेल.

दृष्टिवैषम्य कोणाचे, हे ठरवायची युक्ती फिरवण्याची आहे. तारा मध्यावर ठेवून किंचित फोकसबाहेर न्यावा आणि आधी स्वतःचे डोके तिरके करून पाहावे. विकृती डोक्याबरोबर फिरली तर ती आपल्या डोळ्याची आहे. मग फक्त झूम त्याच्या नळीत फिरवावा, मग फक्त बार्लो फिरवावा. ज्याच्याबरोबर विकृती फिरते तो दोषी. कशाबरोबरच फिरली नाही तर आरसे तपासायला घ्यावेत. आठ इंची दुर्बिणीची किती तरी गाऱ्हाणी या पाच मिनिटांच्या तपासणीत निकाली निघालेली मी पाहिली आहेत, आणि तीनदा तरी दुय्यम (नळीच्या तोंडाजवळच्या छोट्या, तिरक्या) आरशाचे जास्त आवळलेले स्क्रू सापडले आहेत.

विखुरलेल्या प्रकाशाची तपासणी मी वेगळी करतो, कारण स्वस्त बार्लोंचा खरा कमकुवत भाग काच नसून नळी असते. दिवसा बार्लो रिकामाच आकाशाकडे धरून आयपीसच्या बाजूने आत पाहावे. आतली भिंत चकचकीत दिसली तर तिथे उजेडाचे कडे चमकेल. रात्री चंद्राची कड दृश्यक्षेत्राच्या किंचित बाहेर ठेवावी आणि आतले आकाश काळे राहते की दुधाळ होते ते पाहावे. मृगातला राजन्य (रायजेल) तारा हीसुद्धा चांगली कसोटी आहे: त्याचा साडेनऊ विकलांवरचा सोबती त्याच्यापेक्षा सुमारे चारशे पट मंद आहे, आणि राजन्याचा उजेड नळीत सांडत असेल तर तो सोबती झाकून जातो. झूम एकटा असताना सोबती दिसतो आणि त्याच वर्धनाला बार्लोसह दिसत नाही, असे झाले तर बार्लोची नळी आतून काळ्या मखमली कागदाने मढवून पुन्हा पाहावे. मी एका बार्लोला असे मढवले, आणि टाकून द्यायच्या बेतात असलेला तो बार्लो आजही माझ्या पेटीत आहे.

यांत्रिक बाजूंपैकी एक तपासणी अगदी पहिल्या दिवशी करायला हवी. काही झूममध्ये सर्वांत खालचे भिंग एखाद्या टोकाला नळीच्या तोंडापर्यंत खाली येते, आणि आखूड बार्लोमध्ये भिंग फार वर असते. झूम आत घालण्याआधी दोन्हींची खोली पट्टीने मोजावी, झूम दोन्ही टोकांना फिरवून मोजावी, आणि मध्ये काही मिलिमीटर जागा राहते याची खात्री करावी. दोन काचा एकमेकींना भिडल्या तर ओरखडा कायमचा. दुसरे म्हणजे झूमची कडी फिरवताना अख्खा आयपीस बार्लोमध्ये फिरतो किंवा तिरका होतो का ते पाहावे. एकाच स्क्रूने धरणाऱ्या बार्लोत हे घडते आणि प्रतिमेची एक बाजू बिघडते. पितळी कडे असलेल्या बार्लोत ते फार कमी होते.

फोकस खुणेगणिक बदलतो अशीही आपली तक्रार आहे. ती झूमची रचनाच आहे, आणि बार्लोमुळे ती वाढत नाही, घटते: आयपीसच्या बाजूला फोकस एक मिलिमीटरने सरकत असेल तर दोनपट बार्लोसह फोकसरला (फोकस जुळवणाऱ्या नळीला) त्याच्या एक चतुर्थांश आणि तीनपटीसह एक नवमांश एवढेच हलवावे लागते. तरीही ८ कडून २४ कडे जाताना तारा हलकासा पसरत असेल तर तपासणीच्या वेळी प्रत्येक खुणेवर फोकस नव्याने करावा. तसे न करता काढलेला निष्कर्ष मी धरत नाही.

आता आपल्या जोडणीबद्दल माझे मत. दोनपट बार्लो आपल्या दुर्बिणीला योग्य आहे. त्याच्यासह झूमचा पल्ला १०० ते ३०० पट होतो, आणि आपल्याकडच्या बहुतेक रात्री ग्रहांसाठी लागणारे १५० ते २२० पट वर्धन त्यातल्या १६ ते ११ च्या पट्ट्यात येते. बार्लो एकदा बसवून ठेवावा, काढ-घाल करू नये, आणि हवा मोकळी होईल तसतसा झूम फिरवावा. झूमचा खरा उपयोग हाच आहे. एकच किंमत मोजावी लागते: बार्लोसह आपण झूमच्या लांब टोकाकडे जाता आणि तिथे आभासी क्षेत्र ६० अंशांवरून ४० अंशांकडे आक्रसते. १५० पटीला ८ एकटा २४ कला क्षेत्र दाखवतो, तर २४ आणि तीनपट फक्त १६ कला. म्हणजे क्षेत्रफळ निम्म्याहून कमी आणि तारा ९६ ऐवजी ६४ सेकंदांत पळून जातो. म्हणून १५० पटीलाच थांबायचे असेल तर झूम एकटा वापरावा.

तीनपट बार्लो ८ वर वापरण्याचे मी सुचवणार नाही. ४५० पटीला एक्झिट प्यूपिल ०.४५ मिलिमीटर होते, डोळ्यातल्या पाण्याच्या सावल्या दृश्यावर तरंगू लागतात, आणि व्यासाच्या प्रत्येक मिलिमीटरमागे दोनपट या प्रचलित मर्यादेच्याही आपण पुढे जाता. त्याचा उपयोग २४ ते १२ या खुणांपुरता ठेवावा. मात्र तो ठेवायचा की परत करायचा, हे या आकड्यावरून ठरवू नये; १५० पटीच्या तिहेरी तुलनेवरून ठरवावे. परत करण्याची मुदत संपत येत असेल तर सगळ्या तपासण्या सोडून एकाच स्वच्छ रात्री कॅस्टरवर ती तुलना आधी उरकावी. पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या १९४४ पासून चालत आलेल्या संस्थांच्या आकाशदर्शनाला जाता आले तर तिथे दुसऱ्या कोणाचा बार्लो पाच मिनिटांसाठी मागून आपल्या झूमवर लावावा, आणि आपला बार्लो त्यांच्या साध्या आयपीसवर. आपल्या तीनही जोडण्यांच्या वेळा आणि कॅस्टरच्या नोंदी इथे लिहिल्यात तर कोणत्या भिंगावर संशय धरावा, ते मी आकडे पाहून सांगेन.